कच्चा दोरा

मी चरखी बोलतेय. खरं तर मी बोलायचं नव्हतं. दोन माणसांनी, दोन वेगळ्या दिवशी, मला गप्प राहायला सांगितलं होतं. एकाने तर माझ्या चाकावर हात ठेवून म्हटलं होतं, "तू काही पाहिलं नाहीस." दोघंही माझी स्वतःची माणसं. म्हणून इतके दिवस मी तोंड मिटून होते. पण आज बोलते.

चरखी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी हलकंफुलकं, गरगर फिरणारं येईल. मी तशी नाही. मी चांगली स्वयंपाकाच्या पातेल्याएवढी आहे. होडीच्या मागच्या कोपऱ्यात चार बोल्टांनी मला बसवलं होतं. माझ्या पोटावर साठ वाव पोलादी तार गुंडाळलेली असते. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर. तारेच्या टोकाला शिशाचा चार किलोंचा गोळा. तो गोळा खाली सोडायचा आणि वर ओढायचा, हे माझं काम.

एवढा खटाटोप कशासाठी? तर आमचा तलाव खोल आहे. उन्हं वाढली की वरचं पाणी कोमट होतं आणि मोठे मासे थंडाव्याला खाली जाऊन बसतात, वीस-पंचवीस वाव. वरच्यावर गळ टाकून बसलं तर दिवसभर नुसतं पाणी बघावं लागतं. म्हणून आमिष गोळ्यासोबत खाली न्यायचं आणि होडी माणसाच्या चालीने सावकाश पुढे नेत राहायचं.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या दुकानात झाला. बाबा, म्हणजे माझे मालक, कागदावर माझं चित्र काढून घेऊन गेले होते. लेथवाल्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मासे धरायचेत की विहीर उपसायचीय?"

"तू कर रे बाबा. मापं लिहिलीत सगळी."

"मापं कसली, अर्ध्या सुताचाही हिशेब लिहिलाय! तुझ्या बायकोचं कसं होत असेल?"

अशा थट्टेत मी घडले. माझं मोठं चाक एका मोडक्या शिलाई मशीनचं. माझे ब्रेक सायकलचे. बाहेर काढलेला लांब हात आणि त्याच्या टोकाची कप्पी मात्र कोरी. मला होडीवर बसवलं त्या दिवशी बाबा तीनदा चाक फिरवून म्हणाले, "वा!" तेवढं एकच कौतुक मी त्यांच्या तोंडून ऐकलं. बोलण्यात ते कंजूष होते.

होडीवर तीन माणसं यायची. बाबा, त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे काका, आणि शाळेला सुट्टी असली की बाबांची मुलगी. बाबा तिला ठकी म्हणायचे. काका मोटर सांभाळायचे आणि बडबड करायचे. बाबा माझ्याजवळ बसायचे. ठकी मध्ये बसून दोघांच्या हातांकडे टक लावून बघत असायची.

बाबांची बोटं थंड पाण्यात राबून राबून बधिर झाली होती. दोन बोटांना तर गाठ लागली की सुटली तेही कळत नसे. म्हणून बारा वर्षांच्या ठकीला त्यांनी सगळं शिकवलं. ऊन कडक असेल तर चांदीसारखा चमचा लावायचा, ढग असतील तर तांब्याचा. चमचा म्हणजे पत्र्याचं आमिष, पाण्यात मासोळीसारखं वळवळतं. चमच्याच्या पुढे फिरती कडी हवीच, नाहीतर दोरीला पीळ बसतो. खाली सोडण्याआधी चमचा होडीच्या कडेला पाण्यात धरून त्याची चाल बघायची. लंगडत असेल तर गळ वाकडा आहे. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची, घट्ट नाही आणि सैलही नाही. मासा लागला की ती चिमट्यातून सुटली पाहिजे. गाठ आवळण्याआधी थुंकी लावायची.

"शी!" ठकी म्हणाली होती.

"शी काय? कोरडी गाठ दोरीला जाळते. लाव."

आणि शेवटची गोष्ट, कच्चा दोरा. माझी तार थेट गोळ्याला बांधायची नसते. मध्ये वीतभर पांढरा सुती दोरा असतो, मुद्दाम कमजोर. तळाला खडकांच्या कपारी आहेत. गोळा कपारीत अडकला तर हा दोरा तुटला पाहिजे. "गोळा गेला तर जाऊ दे," बाबा म्हणायचे. "होडी तळाला बांधली जाता कामा नये." रोज सकाळी निघण्यापूर्वी ते तो दोरा दोन्ही हातांत धरून ओढून बघायचे. कोणीही बांधलेला असो. काकांनी बांधला तर दोनदा.

तीन वर्षांत ठकीचा हात इतका बसला, की तिच्या गाठी काकांपेक्षा सुबक यायला लागल्या. काका चिडवायचे, "आता हिलाच मोटरीवर बसवा. मी घरी झोपतो."

"तुम्ही झोपताच की काका. फक्त होडीत," ठकी हळूच म्हणायची आणि स्वतःच लाजायची.

गेल्या उन्हाळ्यात मासे फार खाली गेले. आम्हाला कपारींच्या अगदी डोक्यावरून जावं लागे. दोरे तुटू लागले. आठवड्यात तीन गोळे गेले. गोळे बाबा घरीच ओतायचे, साच्यात शिसं वितळवून. शिसं संपलं होतं. उरला एकच गोळा.

"हा गेला की मोसम संपला," बाबा त्या संध्याकाळी म्हणाले. ते कोणाला उद्देशून बोलले नव्हते. पण ठकीने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळा होती, ती येणार नव्हती. पण पहाटे उठून, सगळ्यांच्या आधी, ती होडीवर आली. चमचा लावला, कडी लावली, चिमटा पुसला. मग खिशातून एक हिरवी दोरी काढली. विणलेली, पक्की. तिने वीतभर कापली आणि पांढऱ्या दोऱ्याच्या जागी बांधली. थुंकी लावली, आवळली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मी पाहिलं. बाबांचा शेवटचा गोळा वाचवल्याचा आनंद होता, दुसरं काही नाही.

थोड्या वेळाने बाबा आले. सवयीने त्यांचा हात गोळ्याकडे गेला. उजेड अजून नीट आला नव्हता. ठकी धक्क्यावर दप्तर घेऊन उभी होती.

"तू बांधलंस?"

"हो."

"मग बघायचं काय त्यात," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात मागे घेतला.

ती मान वर करून हसली. एवढं मोठं बक्षीस तिला शाळेतही कधी मिळालं नसेल. लाजेने ती पळतच निघून गेली.

दहाच्या सुमारास वारा पाठीमागून आला. लाटा उठल्या, पण फार नाही. बाबांनी पंचवीस वाव तार सोडली होती. अचानक माझं चाक उलटं फिरू लागलं. गोळा अडकला होता. बाबा शांत होते. दोरा आता तुटेल म्हणून वाट बघत होते. तार सुटत राहिली, माझे ब्रेक जळाल्याचा वास आला, आणि शेवटचा वेढा संपून मी करकचून थांबले. होडी मागच्या टोकाने तळाला बांधली गेली.

"मोटर बंद!" बाबा ओरडले. काकांनी बंद केली होती. ओरडण्याआधीच केली होती, हे मी शपथेवर सांगते. पण वारा होडीला पुढे ढकलत होता आणि तार मागे धरून होती. मागचं टोक खाली दबलं. बाबा पक्कड घेऊन तार कापायला माझ्याकडे वाकले. त्यांच्या वजनाने ते आणखी दबलं. एक लाट मागून आत आली. मग दुसरी. मग मी पाण्याखाली होते.

उलटलेल्या होडीला काका एका हाताने लटकले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी बाबांची कॉलर धरली. ते पाणी किती गार असतं ते तुम्हाला कसं सांगू? तासाभराने प्रवासी लाँच आली तेव्हा काकांची मूठ मिटलेलीच होती. कॉलर मात्र तिच्यात नव्हती. बाबा तिसऱ्या दिवशी सापडले.

लाँचने होडी उलट्या बाजूने ओढली आणि गोळा कपारीतून अलगद सुटला, इतका सहज की संताप यावा. किनाऱ्यावर होडी सरळ केल्यावर, अंगावर घोंगडी असताना काकांनी कोणालाही हात लावू न देता माझी तार स्वतः गुंडाळली. गोळा वर आला. त्याला हिरवी दोरी होती. काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाठ वळवली, ती कापली आणि खिशात घातली. आणि माझ्या चाकावर हात ठेवून ते म्हणाले, तेच जे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं.

तलाव कार्यालयाचा कारकून वही घेऊन आला.

"कच्चा दोरा लावला होता?"

"लावला होता," काका म्हणाले. "मोटर बंद करायला मी उशीर केला. चूक माझी."

कारकुनाने तसंच लिहिलं. काकांचा परवाना गेला. धक्क्यावरची माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आणि ठकीच्या आईने त्यांना दारातच सांगितलं, "भाऊजी, मोटर तुमच्या हातात होती. आता या घरात पाऊल टाकू नका." काका खाली मान घालून होडीच्या शेडमध्ये राहायला आले. मीही तिथेच होते, बाकावर बोल्टांनी आवळलेली.

दुसऱ्याच आठवड्यात ठकी शेडमध्ये आली. काका बाहेर गेले होते. ती माझ्यासमोर बसली आणि तोंड दाबून रडली. तिला वाटत होतं, ती हिरवी दोरी तळाशी आहे. "तू सांगू नकोस हं," ती म्हणाली. "मी सांगेन. मला थोडा वेळ दे." मग दोन महिने ती रोज यायची, मला तेल लावायची, आणि न सांगता परत जायची. घरी जेवत नव्हती. वर्गात बाईंनी नाव पुकारलं तरी दचकायची म्हणे. आणि काका रात्रंदिवस गप्प. दोघांचंही एकच गुपित, आणि दोघांमध्ये मी. मला जीभ असती तर!

मागच्या मंगळवारी काका बाराच्या लाँचने गाव सोडून जाणार होते, कायमचे. त्यांनी पिशवी भरली. ठकी शाळा बुडवून आली होती. शेडची किल्ली घ्यायला आई आली.

"किल्ली?"

"खिळ्यावर ठेवलीय, वहिनी."

आई किल्ली घेऊन वळली. तेव्हा ठकी बोलली, इतक्या बारीक आवाजात की आईला थांबावं लागलं.

"आई, त्या दिवशी दोरा मी बांधला होता."

"तू बांधायचीसच की. त्याचं काय?"

"कच्चा नव्हता. पक्का बांधला. गोळा एकच उरला होता म्हणून."

"काहीतरीच बोलतेय!" काका ताडकन म्हणाले. "वहिनी, पोरीचं ऐकू नका. गोळा मी वर काढला. पांढराच दोरा होता, या डोळ्यांनी पाहिलाय."

ठकी त्यांच्याकडे बघतच राहिली. "पांढरा कसा असेल काका? मी हिरवा बांधला होता."

काका पिशवीवर मटकन बसले.

"तुम्हाला ठाऊक होतं," ठकी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"भाऊजी, माझ्याकडे बघून सांगा," आई म्हणाली. काकांना बघता येईना.

"लहान आहे ती, वहिनी. तिला जन्मभर हे ओझं..."

"आणि तुम्हाला?"

आईने मुलीला जवळ घेतलं नाही. मारलंही नाही. भिंतीला हात टेकून ती उभी राहिली. दूर लाँचचा भोंगा झाला. मग ती काकांना म्हणाली, "जेवून जा. तीनचीही लाँच असते."

तीनची लाँचही गेली. काका राहिले. पण घरात सगळं गोड झालंय, असा गैरसमज करून घेऊ नका. आई मुलीशी कामापुरतं बोलते. ताट वाढते आणि दुसरीकडे बघते. ठकी ते सहन करते. तिला वाटतं, एवढं तर मिळायलाच हवं. काल मात्र आईने दोघांना समोर बसवून सांगितलं, "कार्यालयात जाऊन खरं लिहून द्यायचं. उद्याच."

"कशाला, वहिनी? आता काय फरक पडतो?"

"तुमच्या नावावर खोटं लिहिलंय. आणि दुसऱ्या कोणाची तरी पोर उद्या गोळा वाचवायला जाईल."

म्हणून आत्ता ठकी पाना घेऊन माझे बोल्ट काढतेय. मला कारकुनापुढे ठेवून काय झालं ते दाखवणार आहेत. तीन निघाले. चौथा गंजलाय, तेवढ्या वेळात मी हे तुम्हाला सांगून घेतलं. कार्यालयात धक्क्यावरची सगळी माणसं असतील, आणि तिला वर्गात उभं राहून कविता म्हणायचीही भीती वाटते.

माझं तुम्हाला एकच मागणं आहे. घरातल्या कोणी काही बांधलं, आवळलं, तर ते एकदा ओढून बघत जा. कितीही लाडकं माणूस असो. बाबांनी त्या सकाळी दोरा ओढला असता, तर ठकी रुसली असती, एवढंच. संध्याकाळी मला पुसताना फुरंगटून म्हणाली असती, की बाबांचा माझ्यावर विश्वासच नाही. आणि मग मी तिला, जीभ नसली तरी कसंही करून, समजावलं असतं की अगं वेडे, ते जे ओढून बघतात ना, ते तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, ते संध्याकाळी सगळे घरी परत यावेत म्ह...

"निघाला का बोल्ट?" बाहेरून आईची हाक आली. "चल, आण तिला बाहेर. कार्यालय बंद होईल."