आहेत सगळी

"एक, दोन, तीन, चार. आहेत सगळी," बसकाका म्हणाले आणि खुर्चीच्या हातावर दोन बोटं आपटून त्यांनी मोजणी संपवली.

काकूंचा हात थांबला. त्यांच्या मांडीवर टिकलीचा पाय होता आणि टाचेत घुसलेली शिंपल्याची कपची सेफ्टी पिनेने त्या हळूहळू उकरत होत्या. टिकली पाच वर्षांची. रडलं तर पुन्हा पाण्यात सोडणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक असल्यामुळे ती ओठ मिटून, लंगडत, आजोबांच्या खुर्चीमागून गुपचूप आजीकडे आली होती. पाण्यात तीनच पोरं होती. टिकलीचा थोरला भाऊ ढोल्या, आणि लेकीची दोन, थोरली आणि पिटुक.

"किती म्हणालात?" काकूंनी विचारलं.

"चार."

"आणि टिकली कुठंय?"

"ती काय, ढोल्याच्या पलीकडे. उड्या मारतेय."

टिकलीने तोंड उघडलं. आजोबांची फजिती करायची अशी संधी रोज मिळत नाही. पण तिने शब्द काढायच्या आत काकूंनी शेजारच्या पुड्यातलं बिस्कीट तिच्या तोंडात कोंबलं. का कोंबलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची चूक झाकायला हात आपोआपच पुढे होतो, डोक्याला नंतर कळतं.

कपची निघाली. काकूंनी टाच पुसली आणि टिकलीला मागच्या नारळाखाली बादली-फावडं देऊन बसवलं.

"इथं घर बांध. मोठं बांध, दोन खोल्यांचं. मी सांगेपर्यंत पाण्यात जायचं नाही."

मग त्या आपली चटई ओढत खुर्चीच्या शेजारी येऊन बसल्या. काका समोर समुद्राकडे बघत होते, हात गुडघ्यांवर, पाठ ताठ. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाची ती बैठक होती. अख्खं गाव त्यांना बसकाका म्हणत असे आणि त्यामुळे त्या बसकाकू झाल्या होत्या. त्यांनी आयुष्यात साधी सायकल चालवली नव्हती, तरी. दर थांब्यावर काका आरशात बघून पोरं मोजत, मोठ्याने, आणि शेवटी "आहेत सगळी" म्हटल्याशिवाय गाडी हलत नसे. त्या दोन शब्दांवर शंभर घरच्या आया निर्धास्त भांडी घासत. घरीही तेच. लग्नाला जा, दवाखान्यात जा, घराबाहेर पाऊल टाकलं की काका आधी डोकी मोजणार. लेकीला यंदा रजा मिळाली नाही, तेव्हा तिने आपली दोन्ही पोरं बेलाशक पाठवून दिली होती. "बाबा आहेत ना," ती फोनवर म्हणाली होती, "मग मला कसलं टेन्शन?"

काकूंना एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि नको असताना आठवत गेली. वर्षभर पेपर त्याच वाचून दाखवत होत्या, चष्म्याचा नंबर बदललाय म्हणून. चहा कपाबाहेर जायचा. दारात आलेल्या माणसाला काका आधी बोलायला लावायचे, मगच नावाने हाक मारायचे. परवा इथल्या लॉजच्या जेवणघरात त्यांनी भलत्याच बाईच्या शेजारची खुर्ची ओढली होती, तेव्हा काकू केवढ्या हसल्या होत्या. म्हातारचळ लागला म्हणून सुनेसमोर चिडवलंही होतं. त्या हसण्याची आता त्यांना लाज वाटली.

"अहो," त्या म्हणाल्या, "टिकली माझ्यापाशी होती. मघापासून."

काकांनी मान वळवली नाही.

"तुम्ही चार मोजलीत, तेव्हा ती माझ्या मांडीवर होती."

"चुकलं असेल एखाद्या वेळी."

"चुकलं नाही. तुम्हाला दिसत नाही."

पाणी येत होतं, जात होतं. काकूंना वाटलं, आता हा माणूस आपल्यावर खेकसेल. आणि खेकसला असता तर बरं झालं असतं.

"कडेचं दिसतं," काका म्हणाले. "मधलं जातं. ज्याच्याकडे बघावं, तेच नेमकं पुसल्यासारखं होतं. तुझ्याकडे बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. गेल्या वर्षीच्या आधीच्या वर्षी. तो म्हणाला, गेलेलं येणार नाही, आहे ते जपा."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय होणार होतं?"

काकूंच्या तोंडाशी दहा उत्तरं आली, पण त्यांना वेगळंच विचारायचं होतं. "मग पोरं मोजता कसे?"

"आवाजावर. घरात काय, प्रत्येकाचा पाय वाजतो वेगळा. ढोल्या धापा टाकतो. पिटुक गप्प बसत नाही."

"इथं पाण्याचा एवढा आवाज आहे. इथं कसे मोजता?"

काकांनी गुडघ्यावरची वाळू झटकली. तिथे वाळू नव्हती.

"इथं नुसतंच म्हणतो," ते म्हणाले.

आजचा तिसरा दिवस. तीन दिवस ही पोरं सकाळ-संध्याकाळ पाण्यात होती आणि मुलगा-सून झाडाखाली आडवे पडून डुलक्या घेत होते. दर पाच मिनिटांनी चारचा आकडा ऐकून काकूंनी स्वतःसुद्धा निवांत केस वाळवले होते.

"सगळ्यांना बरं वाटतं ऐकून," काका म्हणाले. "मलाही वाटतं."

"बरं वाटतं? एखादं गेलं असतं म्हणजे?"

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये." त्या खरंच ओरडत नव्हत्या. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की काकांना कान पुढे करावा लागला. "नोकरी मुदतीच्या दोन वर्षं आधी सोडलीत ती ह्यासाठीच का? पाठ दुखते म्हणालात मला."

काकांनी दोन्ही तळहात एकमेकांत घट्ट धरले. मग ते जे बोलले ते एका दमात बोलले, पाढा म्हटल्यासारखं.

"एक पोरगी राहिली होती. सगळ्यात मागच्या सीटवर झोपली होती. शाळेपाशी पोरं उतरताना मी चोवीस म्हटलं आणि गाडी नेऊन आवारात लावली. काचा बंद, दार बंद. उन्हाळा होता. दोन तासांनी गाडी धुणारा आला, त्याला दिसली. मग पाणी मारलं तोंडावर, सावलीत निजवलं. डोळे उघडले तिने. मी तिला घरी घेऊन गेलो, म्हटलं, चक्कर आली होती शाळेत. तिच्या आईने मला बसवून चहा दिला. काका, तुम्ही होतात म्हणून, असं म्हणाली."

काकूंना तो दिवस आठवला नाही. त्या दिवशी काका घरी येऊन जेवले असतील, झोपले असतील. आपण काहीतरी भाजीबद्दल बोललो असू.

"आणि त्या आधी?" त्यांनी विचारलं. "गाडी कशी चालवत होतात?"

"गाडी नीट चालायची. रस्ता पाठ होता."

त्या माणसाशेजारी आपण चाळीस वर्षं झोपलो, याच्या अंगावरचे तीळ आपल्याला माहीत, असं त्यांना कालपर्यंत वाटत होतं. त्यांना त्याची दया आली, आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं आणि त्यातलं कुठलं खरं, ते ठरवायला वेळ मिळाला नाही, कारण वाळूतून मुलगा आणि सून येत होते.

सुनेने नवा फुलाफुलांचा झगा घातला होता. दुकानाच्या गल्ल्यावर सहाही दिवस उभी राहणारी ती बाई तीन वर्षांत पहिल्यांदा सुट्टीवर आली होती, आणि लाजत लाजत हसत होती.

"आई, आम्ही दोघं त्या टेकडीवर जाऊन येतो," मुलगा म्हणाला. "दीपगृहापर्यंत. तासाभरात परत."

"पोरांना न्या मग."

"पोरांना कशाला? खेळतायत की. बाबा आहेत."

"नाहीतर मी त्यांना खोलीवर नेते. ऊन लागतंय."

"कुठंय ऊन? पाच वाजले." मुलगा हसला. "आई, तुझं नेहमीचंच. सुखात पण खडा शोधून काढतेस."

सुनेचा चेहरा उतरला. "राहू दे," ती नवऱ्याला हळूच म्हणाली. "उद्या जाऊ. आईंना नको वाटतंय तर."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. आता तो बोलेल, असं त्यांना वाटलं. खरं सांगणार नाही, पण निदान म्हणेल की मला बरं वाटत नाही, आज जाऊ नका. तेवढं म्हटलं असतं तरी त्यांनी पुढचं सगळं निभावून नेलं असतं.

"जा रे तुम्ही," बसकाका म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मी आहे. हिचं काय ऐकता?"

नारळाखालून टिकली धावत आली. बापाने तिला उचलली, पाण्याशी नेली आणि भावाच्या शेजारी सोडली. चारी पोरं पाण्यात. काकू उभ्या राहिल्या. वाक्य तयार होतं. तीन शब्दांचं होतं. पण खुर्चीवरचा माणूस सुनेच्या दिशेने हसत बघत होता, बघत होता म्हणजे तिच्या खांद्याच्या शेजारच्या हवेकडे बघत होता, आणि त्याने खुर्चीचा हात इतका आवळला होता की नखं पांढरी पडली होती. काकूंना ते वाक्य सुनेसमोर म्हणता आलं नाही.

त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या पाण्यात चालायला लागल्या.

"अय्या, आई उतरल्या बघा!" सून टाळ्या वाजवत ओरडली. "फोटो काढा, फोटो!"

काकूंना पोहता येत नव्हतं. पाणी पोटऱ्यांना लागलं, गुडघ्यांना लागलं, लुगडं जड होऊन पायात गुंतलं. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्या पोरांच्या पलीकडच्या बाजूला, समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पोरांना भलताच आनंद झाला. ढोल्याने तर आजीच्या अंगावर पाणीच उडवलं. किनाऱ्यावर मुलगा मोबाइल धरून ओरडत होता, "आई, इकडे बघ! हस की जरा!" पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही. त्या मोजत होत्या. थोरली, ढोल्या, पिटुक, टिकली. थोरली, ढोल्या, पिटुक, टिकली. फोटो काढून झाले आणि दोघं जण हातात हात घालून टेकडीच्या पायवाटेला लागले.

तासाचा प्रश्न आहे, काकूंनी स्वतःला समजावलं. तासभर उभं राहायचं. उद्या काहीतरी कारण काढू, परवा निघायचंच आहे. घरी गेल्यावर सावकाश बोलू. सगळं असं मनात जमवत असतानाच मागून लाट आली. मोठी नव्हती, पण त्यांना दिसली नव्हती. ती पाठीवर आदळली आणि त्या पुढे झुकल्या. डोळ्यांत खारं पाणी गेलं. ते पुसून त्यांनी पाहिलं.

थोरली. ढोल्या. टिकली.

त्यांनी पुन्हा पाहिलं. थोरली, ढोल्या, टिकली. पिटुकच्या जागी नुसतं पाणी हलत होतं, फेसाचं. त्या लुगडं ओढत तिकडे झेपावल्या. आणि त्याच वेळी किनाऱ्यावरून, टेकडीच्या पायवाटेपर्यंत ऐकू जाईल असा भरदार आवाज आला.

"एक, दोन, तीन, चार! आहेत सगळी!"

वर चढणाऱ्या मुलाने मागे न बघताच हात हलवला.

काकू पाण्यात हात घालून चाचपडू लागल्या. त्यांच्या हाताला काही लागलं नाही. मग दोन हातांवर पिटुकचं डोकं वर आलं, नाकातोंडातून पाणी सांडत आणि खिदळत.

"आजी, बघितलंस? मी खाली बसलो होतो! वीसपर्यंत बसलो!"

काकूंनी त्याचा दंड धरला. तो "आई गं" म्हणाला तरी सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी टिकलीला जवळ ओढली आणि दोघांना फरफटत त्या किनाऱ्याकडे निघाल्या. "बाहेर," त्या थोरलीला आणि ढोल्याला म्हणाल्या, "आधी बाहेर," आणि त्या आवाजाला थोरलीने एकदाही का म्हणून विचारलं नाही.

मुलगा आणि सून पायवाटेच्या पहिल्या वळणापर्यंत पोचले होते. काकूंनी आयुष्यात कधी रस्त्यात कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. बायकांनी ओरडू नये, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. त्यांनी ओल्या वाळूत पाय रोवले.

"अरे, थांब!" त्या ओरडल्या. "खाली ये! दोघंही या! मला काहीतरी सांगायचंय!"

वळणावरची दोन माणसं थांबली. थोडा वेळ ती तिथेच एकमेकांशी काहीतरी बोलत राहिली, मग खाली उतरायला लागली.

मागे खुर्चीत नवी मोजणी सुरू झाली होती. ती दोनपर्यंत आली आणि तिथेच थांबली.