हसायची जागा

नझीरभाई टीव्हीवर विनोदी कार्यक्रम लावत, पण टीव्हीकडे फारसे बघत नसत. ते बघत शेजारच्याच्या तोंडाकडे. "आता बघ हां, आता येतंय," असं म्हणत कोपर मारायचे, आणि शेजारचा हसला की मगच स्वतः खदखदायचे. मुलगी अफरीन वैतागायची. "अब्बा, मला बघू तरी द्या!"

ते गेले आणि टीव्ही चादरीखाली गेला. अम्मी इद्दतीत बसली. नवऱ्यामागे बाईनं काही महिने उंबऱ्याच्या आत राहायचं. पनवेलच्या कॉलेजात शिकवणारी अफरीन रजा टाकून महाडला तिच्याजवळ राहिली. एकटीनं विनोद बघायचा तिनं प्रयत्न केला, पण हसण्याआधीच मान आपोआप बाजूला वळे.

मग तिला मोबाइलवर भोपाळचे एक भाऊ-बहीण सापडले, विनोदी कार्यक्रम बघतानाचे स्वतःचेच व्हिडिओ टाकणारे. मोबाइलच्या कोपऱ्यात छोट्या चौकटीत कुठलं तरी मराठी प्रहसन चाले, आणि उरलेल्या जागेत हे दोघं खालची हिंदी भाषांतराची अक्षरं वाचत हसून लोळायचे. चौकटीत काय चाललंय याच्याशी अफरीनला देणंघेणं नव्हतं. ती त्या दोन तोंडांकडे बघत बसे. कानात इयरफोन असत. अम्मीला वाटे, पोरगी कुराणाची तिलावत ऐकतेय.

एकदा तिनं त्यांना लिहिलं, महाडचं फ्रिजवालं प्रहसन बघा ना. अब्बांचं ते फार लाडकं. म्हातारा दुकानात शिरतो, किंमत विचारत नाही, लिटर विचारत नाही, फ्रिज वितीनं मापतो आणि म्हणतो, "जिन्यातून वर जाईल ना?" पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत शिरतं, सामान वर चढवावं लागतं, त्या गावात फ्रिज असाच घेतात. अब्बांनीही असाच घेतला होता.

काही दिवसांनी, एका दुपारी, त्यांनी ते लावलं. म्हातारा वीत टाकू लागला तशी अफरीन मोबाइलवर वाकली. इथे कुणीतरी हसायला हवं होतं. भावानं व्हिडिओ थांबवला. "सीढ़ी से? क्यों?" बहिणीनं खांदे उडवले. दोघं पुढे गेले.

"अरे, पूर येतो बाबांनो!" अफरीन मोठ्यानं म्हणाली, आणि ती जागा पुन्हा लावायच्या घाईत इयरफोनची वायर निसटली. म्हातारा घरभर ओरडला, "जिन्यातून वर जाईल ना?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागून हसू आलं. एवढंसं, नाकातून फुटलेलं.



"अफरीन, तिलावत नव्हती ती?"

"नाय, अम्मी."

"बंद कर गो. शेजारी काय म्हणतील?"

तिनं बंद केलं.

"जिन्याचा कठडा काढावा लागला होता," अम्मी आतून म्हणाली. "चार माणसं फ्रिजला लटकलेली, आणि तुझे अब्बा खाली उभे राहून नुसते हुकूम सोडतायत." आवाज पुन्हा हसण्याच्या बेतात आला आणि मध्येच फाटला.

अफरीन उठली, पडद्यापाशी गेली आणि त्याच्या अलीकडेच खाली बसली. आत गेली असती, तर अम्मीला हसू लपवायला तोंड झाकावं लागलं असतं.