मोजणीदार

सकाळी सकाळीच थोरल्या भावाचं आणि वहिनीचं वाजलं. वादळात घराचं छप्पर उडालेलं. आत त्यांची बाळंतीण लेक तान्ह्याला पोटाशी धरून ओल चुकवत कोपरे बदलत होती. छपराला लागणारं काठावरचं गवत कापून संपलं होतं. उरलं होतं ते दलदलीच्या पोटात.

"पाणी चढलंय. दोन दिवस थांबा," वहिनी म्हणाली.

"आणि आभाळ थांबणार आहे का? मोजणीदार उभा आहे बघ तिथं, पाय कोरडे ठेवून."

मोजणीदार म्हणजे आमच्या दलदलीतला करकोचा. माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, काळ्या मानेचा, लाल पायांचा. गळ्यातून आवाज नाही, नुसती चोच वाजवतो. त्याच्या गुडघ्याला पाणी असलं की आम्ही खुशाल उतरायचं, पोट भिजलेलं दिसलं की मागं फिरायचं. बापाच्या वेळेपासूनचा हा हिशेब कधी चुकला नव्हता.

"पाखराचं वजन ते किती, आणि तुमचं किती!"

"मग जेवायला घालू नकोस आज," म्हणत भावानं विळा उचलला. मी दोर घेऊन मागोमाग निघालो.

काठावर वारा पडला होता. बेडूकसुद्धा गप्प होते. मला ते काही बरं वाटेना.

"दादा, दोर बांध कमरेला."

"मी काय बैल आहे का रे?"

तो उतरला. पुढं सगळी हिरवळच होती. पायाखाली मऊ लागते म्हणून हसलासुद्धा. करकोचा मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होता. भाऊ जवळ पोचला तसे त्यानं पंख पसरले.

तो उडाला आणि त्याच्या पायाखालची हिरवळ वर आली, हेलकावे घेऊ लागली. ती जमीन नव्हतीच. चढत्या पाण्यानं उपटून आणलेलं गवत, एकमेकांत गुंतून तरंगत होतं.

"दादा, मागं फिर!" मी बोंबललो. तो वळला आणि वळता वळताच खाली गेला. मी छातीभर पाण्यात शिरलो, दोर फेकला, पुन्हा फेकला, हाका मारल्या. हिरवळ परत जुळून आली होती. पलीकडे करकोचा उतरला आणि चोच वाजवत उभा राहिला.

मागून वहिनीचा आवाज आला. हातात जेवणाचं गाठोडं होतं.

"भाऊजी, ह्यांना हाक मारा. उपाशीच निघाले रागानं. सकाळचं मनावर घेऊ नका म्हणावं."