माबेलेचा निळा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. मूळचा मी खोका. बंदरात यंत्रं वाहायचो. माबेलेच्या नवऱ्याने माझ्या फळ्या डोक्यावरून घरी आणल्या, ठोकून मला घडवलं आणि निळा रंग दिला. तो जाऊन अकरा वर्षं झाली. रंग अजून तोच आहे.

केपटाउनच्या आमच्या पत्र्याच्या वस्तीत पाहुणा फाटकापाशी उभा राहून हाक मारतो. आतून 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नाही. माबेले कधी 'आज नको' म्हणाली, तरी कोणी रुसत नसे.

पुढे आमची गरिबी बघायला परदेशी माणसं येऊ लागली. शेजारचा लुयोलो, दोन लेकरांचा बाप, त्यांना वस्ती दाखवत हिंडायचा. त्याने मला ढकललं की दहाजण आत! माबेलेचे केस मोकळे असोत की पाय गरम पाण्यात, फोटो निघायचेच. मला फार लाज वाटायची. उघडत तर मीच होतो ना.

"अरे, घर आहे हे माझं. जत्रेतला तंबू नाही."

"पाचच मिनिटं, मावशी. त्यांच्यावरच माझी चूल पेटते."

मग ती मुकाट केस बांधायला घ्यायची. लहानपणी त्याला न्हाऊमाखू तिनेच घातलं होतं.

आमच्याकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. एका वर्षी त्याने मी चांगलाच फुगलो. शेजारच्या लग्नासाठी माबेलेकडे बायका पिठाचे गोळे तळत होत्या. लुयोलोने पाच पाहुणे आत घातले, मागून वारा आला, मी धाडकन मिटलो आणि घट्ट बसलो. मला वर उचलून खालच्या कोपऱ्यात लाथ घालायची, ही युक्ती एकट्या माबेलेला ठाऊक. तिने काही ती केली नाही.

"आलाच आहात तर हात धुवा," ती म्हणाली.

पाचही जण पीठ मळायला बसले. नोमाखवेझी नावाची तिची मैत्रीण जिभेची तिखट. ती लुयोलोला म्हणाली, "विचार रे यांना, घरात माणसं किती, झोपतात कुठे? आम्हाला रोज विचारतात मेले."

पाहुण्यांपैकी मारिट नावाची एक उंच बाई म्हणाली, खोल्या चार आहेत आणि माणूस मी एकटीच.

"मग दाराशी हाक कोण मारतं?"

"कोणी नाही."

कढईपाशी सगळ्या थबकल्या. "अगं बाई," नोमाखवेझी म्हणाली, "हिचा फोटो काढा गं. कुणाला खरं वाटायचं नाही."

सगळ्या हसल्या. मारिटही हसली, मग पिठाच्या हातानेच तिने डोळे पुसले. माबेलेने तिच्या ताटलीत चार गरम गोळे जास्त टाकले, आणि लुयोलोला म्हणाली, "तुझी चूल पेटू दे रे बाबा. पण उद्यापासून फाटकाशी थांबायचं."

तो थांबू लागला. ती 'आज नको' म्हणाली की पाहुण्यांना घेऊन मुकाट पुढे जातो. त्याची चूल काही विझली नाही.

परवा मारिट पुन्हा आली, एकटीच. फाटकाशी उभी राहून तिने आमच्या पद्धतीने, अडखळत हाक मारली.

"थांब गं," माबेले आतून म्हणाली. तिने निवांत केस विंचरले, डोक्याला फडकं बांधलं, चहा ठेवला. मारिट उन्हात उभी होती. मी बंद होतो आणि इतक्या ऐटीत मी कधीच उभा राहिलो नव्हतो.

मित्रांनो, कुणाच्याही घरी जाल तेव्हा हाक मारा आणि थांबा. घर पत्र्याचं असलं तरी थांबा. 'नको' म्हणाले तर हसून परत फिरा. आम्हाला बंद राहता आलं, तरच आम्ही दरवाजे. नाहीतर मी खोका होतो तोच बरा होतो.

मग माबेलेने मला उचललं, कोपऱ्यात लाथ घातली आणि म्हणाली, "ये."