पुढ्यातला ढीग

मी एक जुना लेथ आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर सध्या मी पार गोंधळून गेलो आहे. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर मी तोऱ्यात उभा राहिलो, तेच माझं दुखणं आहे असं मला सांगण्यात आलं.

ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला. आमच्या कारखान्यात एकासारखं दुसरं काम सहसा येत नाही. आज कुणाच्या पंपाचा दांडा, उद्या कुणाच्या छापखान्याचा रूळ. गोल फिरवून कातायचं ते सगळं माझ्याकडे. मला चालवणाऱ्या टर्नरना सगळे मामा म्हणतात. ते माझ्यावरच काम शिकले आणि माझ्यासमोरच त्यांचे केस पिकले. पुढ्यात अर्धवट कामांचा एवढा ढीग असे की मामांना अंग चोरून आत शिरावं लागे. थोरले मालक येणाऱ्याजाणाऱ्याला तो ढीग दाखवत आणि म्हणत, "हा आमच्या घरातला कर्ता!" मी फुलून जाई.

मग मालकांची मुलगी कारभार पाहू लागली. ताईला मी फ्रॉकात असल्यापासून ओळखतो. पसारा कमी करून काम न अडता पुढे सरकवायची नवी पद्धत ती शिकून आली होती. ढीग पाहून तिने कपाळाला हात लावला. "मामा, अहो, सगळी कामं इथेच तुंबलीत!"

तिने माझ्यासमोर जमिनीवर तीन पिवळे चौकोन आखले. तीनच कामं समोर ठेवायची, चौकोन मोकळा झाला की मगच पुढचं आणायचं. लोकांना त्यांच्या वस्तू लवकर मिळू लागल्या, हे मला कबूल करायलाच हवं. पण कधीकधी तिन्ही चौकोन रिकामे राहत आणि ताई त्यावर चक्क खूश होई. आता मला सांगा, रिकामं उभं राहिल्याबद्दल शाबासकी मिळाली तर यंत्राने काय समजायचं?

मामांनी तर भलताच समज करून घेतला. समोर काम नाही म्हणजे आपली गरज संपली, असं त्यांनी धरलं. त्यांच्या मुलीचं शिक्षण अजून चालू होतं. ताईला विचारायचा धीर होईना. मग ते सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मांडणीवरून एखाददुसरं काम उचलत आणि माझ्या पायथ्याच्या कपाटात दडवत. चौकोन ओस पडले की हळूच एक बाहेर काढत. 

एके दिवशी बेकरीवाले दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या कणीक मळायच्या यंत्राचा हातभर दांडा आमच्याकडे होता आणि तो सापडेना. ताईने मांडण्या उपसल्या. शेजारी मिलिंग मशीनवर लोखंड तासणारा गडी होता, त्याला सगळे पैलवान म्हणत; त्याने भंगारही उलथंपालथं केलं. दांडा माझ्याच कपाटात आणि मला तोंड नाही! मामा खाली मान घालून माझा चक, म्हणजे काम पकडून ठेवणारा जबडा, पुसत राहिले.

"ताई, भट्टी बंद आहे हो," बेकरीवाले म्हणाले. "माझी माणसं घरी बसलीत."

मामांचा हात थांबला. ते वाकले, कपाट उघडलं आणि दांडा ताईच्या हातात दिला.

"मामा? हे काय?"

"समोर काही दिसलं नाही की छातीत धस्स होतं गं. वाटतं, आता मलाही घरी बसवणार तू."

ताईने दांडा परत मामांच्या हातात दिला आणि म्हणाली, "आधी हा करून द्या. मग बोलू."

दांडा झाला, बेकरीवाले गेले. ताई माझ्या चौकोनात स्टूल ओढून बसली. "मामा, चौकोन रिकामे राहतात कारण तुमची कामं वेळेवर होतात. तुम्हाला काढायला नाही आखले मी ते. कामं आता पैलवानाकडे अडलीत. इथे काही नसेल तेव्हा तिकडे जा."

"मला मिलिंग कुठे येतं?"

"शिका की. पैलवान ओरडला तर मला सांगा."

परवा तसंच झालं. मामा दिवसभर पैलवानाच्या मशीनवर होते. चुकत होते, हसत होते. मी इथे गप्प उभा. हेवा वाटला की हायसं वाटलं, ते मला अजून उमगलेलं नाही. मित्रांनो, आम्हाला तेलपाणी करत जा, आणि समोर काम नसलं म्हणून आम्ही निकामी झालो असं समजू नका. माणसाला तर हे तोंडाने सांगा. बिचारा उगाच तर्क करत बसतो.

त्या संध्याकाळी माझ्यावर लोखंडाचा कीससुद्धा पडलेला नव्हता. तरी मामा फडकं घेऊन आले, मला नेहमीसारखं पुसलं आणि मगच घरी गेले.