शिकारी कोळ्यांच्या खोलीतला कूलर

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे, मित्रांनो. नांदुऱ्याच्या रहेमतुल्ला मिस्त्रींनी मला घडवले. कुणाच्या हाताला बोचू नये म्हणून त्यांनी माझी प्रत्येक कड घासली होती.

संग्रामपूरजवळच्या एका गावात कडूबांच्या घरी मी पुष्कळ उन्हाळे काढले. पाहुणे माझ्यासमोरून उठायला तयार नसत. मग नवा कूलर आला आणि मी गोठ्यात गेलो. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या.

मला परत आणले ते कडूबांच्या सुनेने, धम्मशीलाने. ती शेडनेटमध्ये काकडी लावत असे. काकडीच्या पानांचा रस लाल कोळी नावाची बारीक कीड शोषत असे. या लाल कोळ्यांना खाणारे शिकारी कोळी ती एका खोलीत घेवड्याच्या पानांवर वाढवू लागली. ते डोळ्यांना जेमतेम दिसत. थंडीत त्यांची वाढ रेंगाळे. उन्हाळ्यात मात्र माझ्या ओलसर वाऱ्यात अंडी भराभर फुटत.

एका मे महिन्यात माझी पाण्याची मोटार जळाली. माझ्या वाळ्याच्या ताट्या सुकल्या, खोली तापली आणि शिकारी कोळ्यांची अंडी वाळून गेली. शेडमधले लाल कोळी मात्र उन्हात उलट वाढले. काकडीची पाने फिकी पडली. कडूबा फवारा पाठीवर घेऊन दारात आले.

"आता औषध मारा लागते, पोरी."

"औषधानं आपले कोळीबी मरतीन, बाबा. त्याइले गरमी सोसत नाही. खोली थंड झाली तं उरलेले वाढतीन."

"अन् नाही वाढले तं?"

"तं मीच फवारीन."

कडूबांनी फवारा खाली ठेवला आणि बादली उचलली. नवी मोटार येईपर्यंत दोघे आळीपाळीने माझ्या ताट्यांवर पाणी ओतत राहिले. माझा पत्रा खडखडत होता, पण मी पंखा थांबू दिला नाही.

खोली निवली. उरलेल्या कोळ्यांनी अंडी घातली, ती फुटली. धम्मशीलाने ती घेवड्याची पाने कोळ्यांसकट काकडीच्या वेलांवर ठेवली. दोन ओळी तोवर वाळल्या होत्या. बाकीच्या वेलांना हळूहळू नवी पाने आली. कडूबा भिंगातून एका पानावरचा शिकारी कोळी बराच वेळ बघत राहिले.

"खाऊन राह्यला बरं तो," ते म्हणाले.

मित्रांनो, ऊन तापण्याआधी तुमच्या कूलरची मोटार तपासा, ताट्यांवरचा क्षार धुवा. माझी मोटार कुणी वेळेवर पाहिली असती, तर ती पहिली अंडीही फुटली असती.