उंबराला पाझर फुटला

त्र्याहत्तरचा मे महिना. कुरणवाडीत टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, आणि येताना भांडणं घेऊनच यायचा. अशा गावात माळावरच्या जुन्या उंबराच्या बुंध्यावरून पाणी ठिबकायला लागलं, तर माणसं लोटांगण घालणार नाहीत तर काय करणार? पार म्हसवडपासून बैलगाड्या आल्या. चहाची दोन पालं पडली, नारळाचं दुकान लागलं. चहाला पाणी कुठनं येतं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

उंबराखाली झरेबाबा बसलेले. मूळचे कुठले, देव जाणे. कपाळभर भस्म, अंगात कफनी, शेजारी कमंडलू. वर दोन पुरुष उंचीवर झाडाला ढोली होती, तिच्यावर बाबांनी तांबडं फडकं बांधलेलं. पाणी त्या फडक्याखालनं निघायचं आणि सालीवरनं थेंब थेंब उतरून तांब्याच्या पातेल्यात पडायचं. झाडाला शिवायची बंदी. रोज पहाटे शेंड्याची पूजा करायला वर चढायचे ते फक्त बाबा.

"लेकरांनू, ह्ये पाणी न्हाई, गंगामायचे आसू हायती," बाबा डोळे मिटून सांगायचे. "ज्यानं पिलं त्याचा मुतखडा गेला. जिनं पिलं तिची कूस उजवली. आन् ज्यानं शंका घेतली त्याची म्हस आटली."

दुष्काळात म्हैस कुणाची आटली नव्हती? गर्दीतल्या निम्म्या लोकांनी घाईघाईनं हात जोडले. बाबांचा नेमही मोठा गमतीचा. गंगामायला घागरभर पाणी भेट द्यायचं आणि पळीभर तीर्थ घेऊन जायचं. बायका टँकरच्या रांगेत तास तास उभ्या राहून भरलेली घागर आणून ओतायच्या, आणि पाणी मिळालं म्हणून डोळे पुसत घरी जायच्या.

विजयमाला बाई हे सगळं बघून धुमसत होत्या. त्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या, इथं शास्त्र शिकवायला आलेल्या. शाळा सरकारी नव्हती, की कुठल्या बड्या संस्थेचीही नव्हती. फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या केरबाअण्णांनी ती चार खोल्यांत स्वतःच्या हिमतीवर चालवली होती. माळ उघडा पडला म्हणून पावसाचं पाणी पळून जातं आणि विहिरी कोरड्या राहतात, हे बाईंनी पोरांना शिकवलं. पोरांनी ते मनावर घेतलं. दोन वर्षं उतारावर आडवे चर खणले, करंज, लिंब, बाभूळ मिळून दोनशे चाळीस रोपं लावली. प्रत्येक रोपाच्या मुळाशी एक मडकं पुरलेलं, त्यावर गेरूनं रोपाचा आकडा. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात घरच्या जुन्या कापडाची वात. भांडी विसळलेलं तांब्याभर पाणी पोरं रोज आपापल्या मडक्यात ओतायची, वात ते दिवसभर मुळाला पाजायची. एवढ्या उन्हात रोपं जगली होती.

आता त्या रोपांवरच संक्रांत आली. बाबांना उतारावर मठ बांधायचा होता. त्यांच्या अंगात गंगामाय आली आणि बोलली, "पोरांनी माझ्या अंगाला जखमा केल्यात. चर बुजवा, झाडं उपटा, तवाच पाऊस यील."

बाई तडक सरपंचांकडे गेल्या. सरपंच नानासो बिचारे वाईट नव्हते, फक्त घाबरट होते.

"बाई, मला बी दिसतंय, पोरांनी लय राबून केलंय. पर गाव म्हणतंय. मंगळवारी उपटायचं ठरलंय."

"आणि झाड रडत नसेल तर?"

"मग काय करतंय त्ये?"

"चार दिवस द्या. मुलं मोजतील."

"थेंब मोजणार?" नानासोंना हसू आवरेना. "मोजा, बाई. बाबांना इचारा तेवढं."

बाबांनी खुशाल परवानगी दिली. "देवाचं देणं मोजून सरत न्हाई," म्हणाले.

ते सरत होतं. पोरांनी आळीपाळीनं बसून वहीत लिहिलं. सकाळी मिनिटाला चाळीस थेंब, दुपारी पंचवीस, संध्याकाळी नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाळीस. शनिवारी रात्री बाबा म्हसवडला एका भक्ताकडे जेवायला गेले, ते रविवारी दुपारी ढेकर देत परतले. त्या सकाळी गंगामायनं एकही आसू गाळला नाही. बाबा कमंडलू घेऊन वर चढले, शेंड्याची पूजा झाली, आणि पुन्हा चाळीस थेंब.

बाईंना समजायचं ते समजलं. पण वर आहे काय, हे ठाऊक नव्हतं.

मंगळवारी गाव टिकाव-खोरी घेऊन माळावर आलं. दुष्काळी कामावर माती खणायला जी हत्यारं धरली, तीच आज रोपांवर चालवायची. पोरं चरांपुढं ओळीनं उभी होती. बाईंनी वही उघडून आकडे मोठ्यानं वाचले.

"गंगामाय बी दमती की, बाई," बाबा गोड हसले. गर्दीनं माना डोलावल्या.

"दमू दे. पण तुम्ही गावाला गेल्यावरच कशी दमते?"

माना डोलायच्या थांबल्या. बाईंनी पदर खोचला आणि झाडाकडे निघाल्या.

"बाईमाणूस झाडाला शिवलं तर कोप हुईल," बाबा ओरडले.

"बरं मग, मी शिवतो," केरबाअण्णा म्हणाले आणि कुणी आडवं यायच्या आत चढलेसुद्धा. त्यांनी तांबडं फडकं ओढलं, ढोलीत हात घातला आणि मडकं बाहेर काढलं. बुडाला भोक होतं, भोकातनं ओली वात लोंबत होती. मडक्याच्या पोटावर गेरूनं आकडा लिहिलेला, सदतीस.

"देवीनंच मागून घेतलं त्ये मडकं," बाबा चाचरत म्हणाले.

तेवढ्यात बायकांतनं बयाबाई पुढं घुसली. हातात ओटीचं ताट. तिनं वात दोन बोटांत धरून बघितली, उलटी करून बघितली.

"ह्यो माझ्या हिरव्या लुगड्याचा काठ हाय. आमच्या आक्काताईला मडक्याच्या वातीला मीच फाडून दिलावता." ती बाबांकडं वळली. "आकरा दिस मी माझ्याच लुगड्याच्या पाया पडतीया व्हय रं? आन् देवीला मडकं पायजे हुतं तर मागायचं. नवं दिलं असतं. चोरायला कशाला लागतंय?"

कुणीतरी हसलं, मग सगळा माळ हसला. त्या गोंधळात बाबांनी कमंडलू तिथंच टाकून वाट धरली.

बाई मात्र हसत नव्हत्या. तीन आठवड्यांपूर्वी सातवीतली आक्काताई रडत आली होती, माझं मडकं कुणीतरी नेलं म्हणून. बाईंनी एक शब्द न विचारता तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. फोडलंस ते फोडलंस, वर खोटं बोलतेस, असं चाळीस पोरांसमोर सुनावलं होतं.

"आवं बाई, मग पाऊस कवा पडंल?" गर्दीतनं कुणीतरी विचारलं.

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "झाडं उपटून येत नाही, आणि झाडं लावली म्हणून उद्याच येईल असंही मी सांगणार नाही. येईल तेव्हा तो या चरांत थांबेल आणि विहिरीत उतरेल. खरं वाटत नसेल तर मलाही तपासा, पोरांची वही बघा, विहिरीचं पाणी मोजा. पण हात जोडायच्या आधी फडक्याखाली काय आहे ते एकदा बघत जा. तुम्ही बघितलं नाही, तसं मीही बघितलं नाही. शास्त्र शिकवते मी, आणि या पोरीला खोटारडी ठरवायला मला पुरावा लागला नाही. आक्काताई, माझं चुकलं."

आक्काताईनं मान हलवली. मग खाली बघत हळूच म्हणाली, "पर बाई, माझा करंज वाळला की."

नानासोंनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. एवढी माणसं, पण तिच्या नजरेला नजर द्यायला कुणी तयार होईना.